एक भारतमाता द्या, सुट्टे आहेत

भारतमाता नेमकी कुठे असते, यावर देशात बरीच मतं आहेत. कुणी म्हणतं शेताच्या बांधावर, कुणी सरहद्दीवर, कुणी काशीच्या देवळात. लालबागच्या माणसाला हा घोळ नाही. ती डॉ. आंबेडकर रोडवर, उड्डाणपुलाच्या सावलीत, करी रोड स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर असते. बसमध्ये चढून ‘एक भारतमाता’ म्हटलं की कंडक्टर तिकीट देतो आणि सुट्टे मागतो. डुलकी लागली तर शेजारचा कोपर मारून सांगतो, ‘‘अहो, तुमची भारतमाता मागे गेली.’’ मग पुढच्या स्टॉपला उतरायचं आणि भर उन्हात भारतमातेच्या दिशेने उलटं चालत यायचं. देशासाठी एवढे कष्ट आमच्याकडे शाळकरी पोरंही करतात.

ही भारतमाता म्हणजे सिनेमागृह. पडदा एकच, सिनेमे बहुतेक मराठी, आणि तिकीट गिरणी कामगाराच्या खिशाला झेपेल असं. ते उभं आहे इंडिया युनायटेड मिलच्या जागेत. ती जागा राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, म्हणजे केंद्र सरकारची. थोडक्यात, आमची भारतमाता ही भारत सरकारची भाडेकरू. मध्यंतरी जागा रिकामी करण्याचा तगादा लागला होता. तेव्हा मराठी सिनेमावाले आणि प्रेक्षक तिच्या बाजूने उभे राहिले. हे ऐकून आमच्या चाळीला फार धीर येतो. आम्हीही पागडीवाले. मालक आमच्या मरणावर टपलेला, आम्ही जिना पडला तरी न हलणारे. आईची आणि आपली पत्रिका अशी जुळली की भक्ती आपोआप वाढते.

तिची बहीण हिंदमाता. तीही याच रस्त्यावर, दादरच्या अंगाला, आणि तिचंही नाव सिनेमागृहावरूनच पडलेलं. घरात लग्न निघालं की साड्या आणि ड्रेस मटेरियल घ्यायला बायका हिंदमाताला जातात, आणि पाऊस लागला की सगळं परळ तिच्यात अडकतं. जागा खोलगट, बशीसारखी. भरती असली की पाण्याला जायला वाट नाही. ‘यंदा हिंदमाताला पाणी तुंबणार नाही’ ही घोषणा दर मे महिन्यात होते आणि ‘हिंदमाता पाण्याखाली’ ही बातमी जुलैत येते. हल्ली पालिकेने प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठाल्या टाक्या बांधल्या आहेत. पाणी तिथे साठवायचं, ओहोटी लागली की समुद्राला द्यायचं. फरक पडला आहे, हे मान्य करायला हवं. पण म्हणून हिंदमातेच्या नावाने बोटं मोडायचं कुणी थांबवलेलं नाही. पंधरा ऑगस्टला एका मातेचा घसा फाटेपर्यंत जयजयकार करणारा माणूस त्याच आठवड्यात पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दुसरीला शिव्या घालत असतो. यात विसंगती आहे असं त्याला वाटत नाही. मलाही वाटत नाही; का ते पुढे येईलच.

आमच्या मजल्यावर एक काका आहेत. गिरणीत होते, आता गॅलरीत असतात. ‘‘आपल्यासारखा देश जगात नाही,’’ हे त्यांचं रोजचं वाक्य, साधारण दुसऱ्या चहाच्या सुमाराचं. युनोत 193 देश आहेत. काकांनी यातला एकच पाहिला आहे, आणि त्यातलाही कणकवली ते काळाचौकी एवढाच पट्टा. परदेश म्हणावा असा सगळ्यांत लांबचा मुलूख त्यांनी पाहिला तो विरार. तिथे त्यांची मुलगी दिली आहे आणि तिथलं पाणी त्यांना मानवत नाही.

‘‘बाकीचे देश न बघताच कसं ठरवलंत, काका?’’ असं मी एकदा विचारलं.

‘‘तू बाकीच्या आया बघून ठरवलंस काय रे?’’ असं म्हणून त्यांनी मला गप्प केलं. दोन दिवसांनी मला सुचलं, की माझी आई जगात सर्वश्रेष्ठ आहे असं मी तरी कुठे म्हणतो? तिच्या हातची कढी पातळ होते हे चाळीला माहीत आहे. पण तोवर काका दुसऱ्या विषयावर गेले होते.

काकांच्या देशप्रेमाची गंमत अशी, की ते जवळ येईल तसं कडक होत जातं. जगात भारत पहिला, हे ते एका दमात, न भांडता सांगतात. भारतात महाराष्ट्र पहिला, इथे आवाज थोडा चढतो. महाराष्ट्रात मुंबई, इथे पुण्याच्या जावयाशी बोलणं बंद होतं. मुंबईत लालबाग, इथे गिरगावकर आणि दादरकर दोघेही शत्रुराष्ट्र ठरतात. आणि लालबागेत आमची गल्ली, इथे मात्र खुर्च्या उचलल्या जातात. काश्मीर ते कन्याकुमारी एक आहे यावर आमच्याकडे कधी मारामारी झालेली नाही. मारामाऱ्या झाल्या त्या पलीकडच्या गल्लीच्या मंडळाशी, स्पीकरच्या तोंडावरून.

भारतीय सिनेमाचंच घ्या. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लोकांसमोर आला. म्हणून भारतीय सिनेमाचा जन्म गिरगावचा, असं गिरगावकर छातीवर हात ठेवून सांगतो. दादरकर हसतो. कारण सिनेमा काढला दादरला, मथुरा भवनात. आज त्या रस्त्याला फाळक्यांचंच नाव आहे. दादरकराच्या मते प्रसूती दादरला झाली, गिरगावात फक्त बारसं. त्यात ग्रँट रोडचा एखादा भेटला की आणखी पंचाईत. सिनेमातली तारामती म्हणजे अण्णा साळुंके, आणि फाळक्यांना ते सापडले ग्रँट रोडच्या एका हॉटेलात, तिथे ते कामाला होते. म्हणजे देशाची पहिली नायिका ग्रँट रोडची, मिशीवाली का असेना. फाळक्यांनी सिनेमा काढला तो स्वदेशीच्या ध्यासाने, आपल्या देशात आपल्या माणसांनी काढलेलं चित्र असावं म्हणून. त्या देशाच्या वाटण्या शंभर वर्षांनी अशा झाल्या आहेत: नेगेटिव्ह दादरला, पडदा गिरगावला, पदर ग्रँट रोडला.

क्रिकेटमध्ये हेच. 1971 साली भारताने वेस्ट इंडीजला त्यांच्या घरी हरवलं, हे देशाला माहीत आहे. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मात्र वेस्ट इंडीजला शिवाजी पार्क जिमखान्याने हरवलं, कारण कर्णधार अजित वाडेकर तिथला. दादर युनियनवाले हे खपवून घेत नाहीत. त्या मालिकेत 774 धावा केल्या त्या सुनील गावसकरने, पहिल्याच मालिकेत, चारच कसोट्यांत, आणि गावसकर दादर युनियनचा. दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत असतं, की संघात बाकीचेही कुणीतरी होते. इतकी वर्षं झाली तरी हा वाद मिटत नाही. पावसाळ्यात कांगा लीगच्या चिखलात एकमेकांच्या यष्ट्या उडवणारे हे लोक परदेशी संघ आला की एका सुरात ओरडतात, आणि तो परत गेला की दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात उतरतात.

आणि राजे? 26 जानेवारी 1950 ला आपण प्रजासत्ताक झालो. सरदार पटेलांनी साडेपाचशेच्या वर संस्थानं विलीन करून घेतली. लालबाग-परळकडे त्यांना लक्ष द्यायला वेळ मिळाला नसावा. आमच्याकडे लालबागचा राजा आहे, 1934 पासून. गणेशगल्लीत मुंबईचा राजा आहे, तो 1928 पासूनचा, त्यामुळे ज्येष्ठतेचा वाद कायम. परळचा राजा आहे, आणि राजा कमी पडला म्हणून परळचा महाराजाही आहे. तेजुकायाचा राजा आहे. तिकडे निकदवरी लेनमध्ये गिरगावचा राजा. चिंचपोकळीचा चिंतामणी 1920 चा, सगळ्यांत जुना, पण तो राजा म्हणवून घेत नाही, घरंदाज असेल. चौरस मैलाला एवढे राजे जगातल्या कुठल्याच प्रजासत्ताकात नसतील. या एका बाबतीत आपला देश खात्रीने पहिला आहे, आणि हे मी पुराव्यानिशी सांगू शकतो. रात्रभर रांगेत उभा राहून राजाच्या पायांवर डोकं ठेवणारा माणूस सकाळी मतदानाच्या रांगेत अर्धा तास लागला तर ‘या देशाचं काही खरं नाही’ म्हणून घरी येतो.

प्रजासत्ताक दिन आम्ही साजरा करतो तो सत्यनारायणाच्या पूजेने. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं. त्यात नवल काही नाही. सुट्टी हक्काची असते, संक्रांत होऊन गेलेली असते, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, आणि मांडववाल्याकडे फार गर्दी नसते. त्यामुळे फळ्यावर खडूने लिहिलं जातं: ‘प्रजासत्ताक दिनानिमित्त श्री सत्यनारायणाची महापूजा, तीर्थप्रसाद व महिलांसाठी हळदीकुंकू. सायंकाळी डबलबारी भजनाचा जंगी सामना.’ सकाळी आठला झेंडा. झेंड्यात बांधलेली फुलं दोरी ओढली की पडायची असतात. ती पडत नाहीत. सेक्रेटरी ओढतो, खजिनदार ओढतो, मग वायरमनचा मुलगा पाइपावर चढतो, आणि सगळी चाळ मान वर करून, सलामीचा हात अर्धवट उचलून, त्याच्याकडे बघत राहते. झेंडा मोकळा झाला की एकदम राष्ट्रगीत सुरू होतं आणि पोराला वरच, पाइपाला मिठी मारून, सावधान राहावं लागतं. इतकं अवघडून राष्ट्राला मान देणारा नागरिक मी दुसरा पाहिला नाही. पूर्वी झेंडा खादीचा असायचा. 2021 साली ध्वजसंहिता बदलून पॉलिएस्टर चालेल असं झालं, तेव्हापासून तो धुवायला सोपा पडतो, असं खजिनदार म्हणतो.

सिनेमागृहातही राष्ट्रगीत असतं. महाराष्ट्रात ते 2003 पासून सिनेमाआधी लागतं. बावन्न सेकंदांचं काम. पण त्या बावन्न सेकंदांत निम्मे लोक पडद्याकडे न बघता मागच्या रांगेत कोण बसलं आहे ते बघत असतात. एकदा एक आजोबा बसून राहिले होते. चार तरुण मान वळवून त्यांच्याकडे डोळे वटारत होते. गीत संपल्यावर कळलं, आजोबांचा गुडघा बदललेला. तरुण ओशाळले, एकाने त्यांना सामोसा आणून दिला. देशभक्तीचं रूपांतर सामोशात होण्याचा एवढा जलद प्रसंग मला पुन्हा दिसला नाही.

परदेशात गेलेल्यांची गोष्ट वेगळी. चाळीतला एक मुलगा न्यू जर्सीला असतो. इथे होता तेव्हा ‘या देशात राहण्यासारखं काही नाही’ हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं होतं, की व्हिसा मिळाला तेव्हा आम्हालाच सुटल्यासारखं झालं. आता तो फोनवर आम्हाला देशप्रेम शिकवतो. तिकडे शाळेचा हॉल भाड्याने घेऊन ते गणपती बसवतात, लेझीम खेळतात, पंधरा ऑगस्टला झब्बे घालून संचलन करतात. त्याचं प्रेम खोटं आहे असं मी म्हणणार नाही. उलट तो आमच्यापेक्षा हळवा झाला आहे. फक्त त्याला हिंदमाता आठवते ती साड्यांच्या दुकानांपुरती, गुडघाभर पाणी त्याच्या आठवणीतून ओसरलं आहे. गेल्या वेळी आला तेव्हा पावसात अडकला आणि पहिल्या दहा मिनिटांत असा काही अस्सल लालबागी बोलला, की काकांनी त्याला जवळ घेतलं. ‘‘आता खरो आपलो वाटतस,’’ म्हणाले.

मला काकांचं हे वागणं बरोबर वाटतं, आणि त्याला या भागाचा इतिहास साक्षीला आहे. 28 डिसेंबर 1885 ला गिरगावशेजारी गोवालिया टँकच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत 72 जण जमले आणि काँग्रेस स्थापन झाली. ‘आपला देश जगात पहिला’ असा ठराव त्यांनी केला का? नाही. नऊ ठराव केले, आणि ते सगळे ‘हे बरोबर चाललेलं नाही, ते बदला’ या घरातले. त्या बैठकीतले दादाभाई नौरोजी पुढे जन्मभर देश किती गरीब आहे याचेच हिशेब मांडत राहिले. आज एखाद्याने देशाची एवढी गाऱ्हाणी आकडेवारीसकट छापली तर गल्लीतली पोरं त्याला विचारतील, ‘‘मग राहता कशाला इथे?’’

1908 च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. गिरणगावाने सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या, वर्षाला एक दिवस या हिशेबाने. रोजावर पोट असलेल्या माणसाने सहा दिवसांची मजुरी सोडणं म्हणजे काय, ते महिन्याच्या पगारावर असणाऱ्याला चटकन कळायचं नाही. 31 जुलै 1921 ला परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींनी परदेशी कापडाची होळी पेटवली. एल्फिन्स्टनसाहेबाचं नाव मात्र स्टेशनावरून 2018 साली गेलं आणि प्रभादेवी आलं. कापड जाळायला एक दिवस पुरला, पाटी बदलायला 97 वर्षं. 12 डिसेंबर 1930 ला काळबादेवीला बाबू गेनू परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला आणि मेला. गिरणी कामगार होता, बावीस वर्षांचा. त्याच्यावर विनोद करता येत नाही आणि करूही नये. देश जगात कितवा आहे, हा प्रश्न त्याला पडला असेल असं वाटत नाही.

ज्या गिरण्यांतून ही माणसं आली त्यांची नावंही कशी: इंडिया युनायटेड, भारत मिल, हिंदुस्थान मिल. देशाची झाडून सगळी नावं भोंग्यावर होती. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली, आणि पुढे एकेक करत इंडियाही बंद, भारतही बंद, हिंदुस्थानही बंद. काका त्यातलेच एक. आता जिथे साचे खडखडत होते तिथे काचेच्या इमारती आहेत आणि तिथल्या कॉफीच्या किमतीत आमच्याकडे दोन माणसं राइस प्लेट जेवतात. एवढं होऊन हा माणूस दुसऱ्या चहाला ‘आपल्यासारखा देश नाही’ म्हणतो, आणि तिसऱ्या चहाला त्याच देशाची सालटी काढतो. दोन्ही वाक्यं त्याने कमावलेली आहेत. मला भीती वाटते ती फक्त दुसरा चहा पिऊन उठणाऱ्यांची.

सत्यनारायणाच्या पूजेनंतर आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. हे काम काकांचं. नारळ हातात, डोळे मिटलेले, आणि आवाज असा की करी रोडला लोकल थांबावी.

‘‘हे बारा गल्ल्यांच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ सगळी चाळ.

‘‘आज ह्या झेंड्याच्या दिसाक तुझी पूजा केली हा, ती मान्य करून घे रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘हिंदमातेक पाणी भरता, ता ह्या वर्षी तरी भरा नको. भारतमातेच्या जाग्याची जी काय कटकट असात, ती दूर कर. ज्यांका गिरणीचो घर मिळाक नाय, त्यांका मिळांदे रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘आणि भायरचो कोण इलो, तर त्याका आमचो देस एक नंबर दिसांदे. तो गेलो, काय आमका परत भांडूक मोकळीक रवांदे रे म्हाराजा!’’

या शेवटच्या मागणीला होकार सगळ्यांत मोठा पडतो. देव अजून हिंदमातेपर्यंत पूर्ण पोचलेला नाही, पण भांडायची मोकळीक आजवर टिकली आहे, आणि मला विचाराल तर गाऱ्हाण्यातलं तेवढं एक कलम दरवर्षी न चुकता घालायला हवं.

येत्या 26 जानेवारीला या. झेंडा आठला, फुलं पडतील तेव्हा. पूजा दहाला, प्रसाद बाराला, गाऱ्हाणं त्यानंतर. देशाबद्दल जे काही म्हणायचं असेल ते, चांगलं किंवा वाईट, नारळ फुटायच्या आत काकांच्या कानात सांगा. ते म्हाराजाला सांगतील. वर्गणीची पावती मात्र दारातच फाडली जाते, आणि सुट्टे आणा.